अध्यक्षपदाआधी ठरवायच्या गोष्टी

चि. ताईस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अंतर्गत सुरक्षेच्या समन्वय समितीची पुनर्रचना करण्याच्या टिपणीवर तुला काम करावे लागणार आहे आणि पहिल्याच बैठकीत सारी चर्चा अध्यक्ष कोण असावा याच विषयावर झाली, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, पण काळजी वाटली. मसुद्यातला मजकूर तू मला लिहिला नाहीस हे योग्यच केलेस. जे जाहीर आहे, छापून आलेले आहे, तेवढ्यावरच मी लिहितो. केंद्रात अशा समित्या आणि केंद्रे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेकदा बदलली गेली, आणि त्या प्रत्येक बदलाकडे मी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही लक्ष देऊन पाहत आलो आहे. माझे मत आधीच सांगतो. माहिती देण्याचे बंधन कोणावर आहे आणि मिळालेल्या माहितीचे काय केले हे कोणी, किती वेळात कळवायचे आहे, या दोन गोष्टी आदेशात स्पष्ट लिहिल्या तर समिती चालते. त्या लिहिल्या नाहीत, तर अध्यक्षस्थानी कितीही मोठा अधिकारी बसवला तरी तिची फक्त इतिवृत्ते तयार होतात.

संयुक्त गुप्तवार्ता समितीपासून सुरुवात कर. निरनिराळ्या यंत्रणांकडून येणारी माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावणे हे तिचे काम. कारगिल युद्धानंतर 29 जुलै 1999 रोजी के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जी आढावा समिती नेमली गेली, तिने या जुन्या समितीची अवस्था स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवली आहे. समितीला यंत्रणाही महत्त्व देत नव्हत्या आणि सरकारही देत नव्हते, तिचे अध्यक्षपद म्हणजे गुप्तचर यंत्रणेचे प्रमुखपद हुकलेल्या अधिकाऱ्याची सोय झाली होती, आणि डिसेंबर 1998 पर्यंत तर ते पद तब्बल 18 महिने रिकामे होते. ज्या समितीने सीमेपलीकडच्या हालचालींचे तुकडे जोडायचे, तिला अध्यक्षच नसताना कोणाचेही काम अडले नाही, ही गोष्ट तू विसरू नकोस. रिकामे पद कोणाला जाणवत नसेल, तर त्या समितीला कोणी काही देणे लागत नव्हते असाच त्याचा अर्थ होतो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1998 मध्ये स्थापन झाली तेव्हा याच समितीच्या कार्यालयातून परिषदेचे सचिवालय उभे केले गेले.

कारगिल समितीच्या अहवालानंतर एप्रिल 2000 मध्ये लालकृष्ण अडवाणी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिगट नेमला गेला आणि त्याने चार कार्यदले केली. गुप्तचर यंत्रणांसाठी गिरीश सक्सेना, संरक्षण व्यवस्थापनासाठी अरुण सिंग, सीमा व्यवस्थापनासाठी आपले माधव गोडबोले आणि अंतर्गत सुरक्षेसाठी एन. एन. व्होरा. यातले शेवटचे नाव मुद्दाम लक्षात ठेव. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत 257 माणसे मेली. त्यांतले आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीला उतरवले गेले होते. त्याच वर्षी गुन्हेगारी टोळ्या, राजकारणी आणि सरकारी अधिकारी यांच्या संबंधांची माहिती कोणाकोणाकडे आहे हे पाहण्यासाठी तेव्हाचे गृहसचिव असलेल्या व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. माहिती निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली आहे आणि ती एका जागी आणणारा कक्ष गृह मंत्रालयात हवा, असे त्या समितीने सुचवले. सात वर्षांनी त्याच व्यक्तीकडे अंतर्गत सुरक्षेच्या रचनेचा विचार पुन्हा सोपवावा लागला. मंत्रिगटाच्या फेब्रुवारी 2001 च्या अहवालातून त्या वर्षअखेरीस गुप्तचर विभागाच्या (आयबीच्या) अखत्यारीत, निरनिराळ्या यंत्रणांची माहिती एका जागी आणणारे ‘मल्टी एजन्सी सेंटर’ म्हणजे ‘मॅक’ निघाले. कल्पना योग्य होती, पण त्याला माहिती देणे हे प्रत्यक्षात देणाऱ्याच्या मर्जीवर राहिले. सात वर्षे ते तसेच चालले.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र तुला आठवते. दहा हल्लेखोर समुद्रातून आले आणि 166 माणसे गेली. त्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि ‘रॉ’ या परदेशातील माहिती काढणाऱ्या गुप्तचर यंत्रणेतले निवृत्त वरिष्ठ अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समुद्रमार्गे येऊन हल्ला होण्याच्या, मोठ्या हॉटेलांना धोका असल्याच्या सूचना 2006 पासून येत होत्या, परंतु त्या सर्व एकत्र ठेवून त्यांतून काय दिसते हे पाहण्याची व्यवस्था नव्हती, या निष्कर्षाकडे तो अहवाल नेतो. तुझ्या टिपणीच्या दृष्टीने मला हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. एकेक सूचना वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या नस्तीत आली. प्रत्येक टेबलाने ती नियमाप्रमाणे पुढे पाठवली, ‘आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारला आणि नस्ती बंद केली. ‘आवश्यक ती कार्यवाही’ म्हणजे कोणती, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि वाचणाऱ्यालाही. या एका वाक्प्रयोगाविषयी मला आजही राग आहे, आणि तुझ्या टिपणीत तो कोठेही येऊ देऊ नकोस.

पी. चिदंबरम 1 डिसेंबरला गृहमंत्री झाले. त्या महिन्यात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला, त्याची चर्चा खूप झाली. मला मात्र 31 डिसेंबर 2008 चा एक प्रशासकीय आदेश अधिक मोलाचा वाटतो, ज्याविषयी बाहेर फार कोणी बोलत नाही. त्या आदेशाने मॅकवर इतर सर्व यंत्रणांना, राज्यांच्या पोलिसांसह, माहिती देण्याचे बंधन घातले, आणि इतर सर्व यंत्रणांवर मॅकला माहिती देण्याचे बंधन घातले. मॅक दिवसरात्र चालू लागले, रोज बैठक होऊ लागली, आणि राज्यांच्या राजधान्यांतली त्याची उपकेंद्रे त्याला जोडली गेली. नवी संस्था नाही, नवे अध्यक्षपद नाही, जुन्याच केंद्राला बंधनाच्या त्या दोन ओळी मिळाल्या आणि त्याचे स्वरूप बदलले. पुढे गृहमंत्री बदलले, सरकार बदलले, पण मॅक कोणी मोडले नाही. मे 2025 मध्ये तर दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉकमध्ये त्याच्या नव्या केंद्राचे उद्घाटन झाले.

याच चिदंबरम यांचा पुढचा प्रयत्न मात्र फसला, आणि तो का फसला हे तू जास्त बारकाईने पाहावेस असे मला वाटते. डिसेंबर 2009 मध्ये गुप्तचर विभागाच्या व्याख्यानात त्यांनी राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची कल्पना मांडली. 3 फेब्रुवारी 2012 ला त्याचा आदेश निघाला आणि 1 मार्चपासून ते सुरू व्हायचे होते. ते गुप्तचर विभागाच्या अंतर्गत असणार होते, आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक व झडती घेण्याचे अधिकार त्याला दिले होते. ओडिशाचे नवीन पटनाईक, बंगालच्या ममता बॅनर्जी, तमिळनाडूच्या जयललिता, गुजरातचे नरेंद्र मोदी असे एरवी एका व्यासपीठावर न येणारे मुख्यमंत्री या एका मुद्द्यावर एका बाजूला आले. 5 मे 2012 ला मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, नंतर सुधारित मसुदाही निघाला, पण ते केंद्र अस्तित्वात आलेच नाही. काहींनी याला राजकारण म्हटले. त्यात राजकारण होतेच, परंतु आक्षेप निराधार नव्हता. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत पहिल्या दोन क्रमांकांवर आहेत. दुसऱ्या बाजूला अनुच्छेद 355 प्रमाणे अंतर्गत अशांततेपासून राज्याचे रक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. या दोहोंमध्ये जी जागा उरते, त्या जागेत राज्यांना न विचारता, माहिती गोळा करणाऱ्या आणि संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्याचा आधार नसलेल्या विभागाच्या हाती अटकेचा अधिकार देणे मला स्वतःला चुकीचेच वाटले, आणि आजही वाटते. माहिती जोडणारा एक आणि माणसाला ताब्यात घेणारा दुसरा असावा, म्हणजे दुसऱ्याला न्यायालयापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते. तुमच्या समितीच्या कार्यकक्षेत कोणी हळूच अंमलबजावणीचे अधिकार घालू पाहत असेल, तर तिथे थांबून लेखी हरकत नोंदव, वरिष्ठांना ती आवडली नाही तरी.

आता अध्यक्षपदाकडे येतो. 1999 मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेला मदत करण्यासाठी जो धोरणात्मक गट केला गेला, त्याचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव होते. ऑक्टोबर 2018 मध्ये त्याची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांकडे गेले. पंतप्रधानांशी थेट संबंध असल्याने निर्णय लवकर होतात, हा लाभ खरा आहे. पण सल्लागार संसदेला उत्तर देत नाहीत, आणि मंत्रालयांच्या सचिवांकडून काम करवून घेण्याची यंत्रणा मंत्रिमंडळ सचिवांकडेच असते. म्हणूनच निर्णयांच्या अंमलबजावणीचा समन्वय त्याच आदेशाने पुन्हा त्यांच्याकडे ठेवला. तुमच्याकडेही अध्यक्ष कोणीही होवो. ज्याच्या सहीने निधी आणि माणसे हलतात त्याच्यावर अनुपालनाची जबाबदारी नावानिशी, पदनामासह लिहून घे.

मी ज्या समन्वय बैठकांचे इतिवृत्त लिहीत असे, त्यांत पहिल्या बैठकीला प्रमुख, दुसऱ्या बैठकीला उपप्रमुख आणि वर्ष सरताना ज्याला विषयाची कल्पनाही नाही असा एखादा अधिकारी येत असे, आणि तो ‘वरिष्ठांना कळवतो’ एवढेच सांगून परत जात असे. त्यामुळे प्रतिनिधी कोणत्या दर्जाखालचा चालणार नाही हे आदेशातच असावे. जिल्ह्यातून किंवा पोलीस ठाण्यातून आलेल्या माहितीला ठरावीक दिवसांत उलट उत्तर जावे, मग ते ‘तपासले, तथ्य आढळले नाही’ एवढेच असले तरी चालेल, कारण ज्या ठाणेदाराला तीनदा काहीच उत्तर मिळत नाही तो चौथ्यांदा कळवत नाही. माहिती किती काळ ठेवायची, कोणी पाहायची आणि निरपराध ठरलेल्या माणसाची नोंद केव्हा काढायची हेही लिहून ठेव. ही बाब टिपणीतून नेहमी गळते आणि ज्याचे नाव चुकून यादीत येते त्याला तिचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

आणि किनारा विसरू नकोस. 2008 मध्ये ते दहा जण बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. अनोळखी होडी, अनोळखी माणसे, नेहमीपेक्षा वेगळी वेळ हे कोळी माणसाला आपल्याआधी कळते, परंतु त्या रात्री ते कळल्यावर लगेच कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर पुढे काय होणार, याची खात्रीची वाट त्याच्यापाशी नव्हती. सागरी पोलीस ठाणी, तटरक्षक दल, मत्स्यव्यवसाय विभाग आणि गावोगावची सागर रक्षक दले यांच्यातले कोण तुमच्या समितीचा सदस्य आहे आणि कोण केवळ निमंत्रित, ही यादी मसुद्यात पुन्हा एकदा तपास. मत्स्यव्यवसाय विभाग निमंत्रितांत असेल, तर त्याला सदस्य करण्याचा प्रस्ताव तुझ्याच टिपणीतून जाऊ दे. सहा महिन्यांनी आढावा घेण्याची तारीखही तीतच घाल.

तुझी आई बरी आहे. तब्येतीला जप, आणि बैठक लांबली तरी जेवण टाळू नकोस.

तुझा,
बाबा