प्रमाणपत्राची अट कुठून आली?

महोदय,

खासगी कंपनीतल्या दिव्यांग कर्मचाऱ्याने एखादी साधी सोय मागितली, की एचआर विभागाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : '40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे का?' वास्तविक दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील ही अट सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोयींसाठी नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, हे स्पष्टही केले आहे.

माझा भाचा स्वमग्न (ऑटिस्टिक) असून एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम चोख करतो. प्रिंटर आणि पॅन्ट्रीपासून दूरची जागा मिळावी आणि कामाच्या सूचना तोंडी न देता ई-मेलवर याव्यात, एवढेच त्याचे मागणे होते. त्यासाठी कंपनीला एक पैचाही खर्च नव्हता. तरी आधी प्रमाणपत्र मागितले गेले आणि ते दिल्यावर उत्तर मिळाले, की एकाला दिले तर सगळेच मागतील. (सगळ्यांनी लेखी सूचना मागितल्याच, तर कंपनीचे भलेच होईल, हा भाग वेगळा.)

सरकारी आस्थापनांवर अशा सोयी देण्याचे आणि तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे बंधन कायद्याने थेट घातले आहे. खासगी क्षेत्राची मदार मुख्यतः 'समान संधी धोरणा'वर, म्हणजे दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे सांगणाऱ्या कंपनीच्या लेखी धोरणावर आहे. 2017 च्या नियमांनुसार हे धोरण संकेतस्थळावर, नाहीतर कार्यालयात ठळक जागी लावायचे असते आणि 20 किंवा अधिक कर्मचारी असतील, तर दिव्यांगांची भरती व सोयी पाहणारा संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. प्रत्यक्षात हा अधिकारी कोण, हे विचारले तर स्वागतकक्षापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे एकमेकांकडे पाहतात. पहिल्या उल्लंघनाला दंड जास्तीत जास्त 10 हजार रुपये असल्यावर धाक तरी कशाचा वाटणार?

एडीएचडी (लक्ष एकाग्र ठेवणे कठीण जाणारी, अतिचंचलतेची अवस्था) असलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. कायद्याच्या अनुसूचीतील 21 प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, पण एडीएचडीचे नाव नाही. ती दुरुस्ती केंद्राच्या हातात आहे. मात्र आस्थापनांनी आपले धोरण दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवणे कायद्याने बंधनकारक असल्याने, ते कोणत्या कंपन्यांनी नोंदवले याची जिल्हावार यादी पुण्याच्या आयुक्तालयाला आजही प्रसिद्ध करता येईल. तशी यादी आयुक्तालयाने आपल्या संकेतस्थळावर द्यावी आणि तीत संपर्क अधिकाऱ्याचे पदनाम व कार्यालयीन ई-मेलही असावा, अशी विनंती आहे.

— एक वाचक, पुणे