रामटेकला जाता तर अंबाळा तलावाच्या बाजूनं चढून बघा

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळी सहलीच्या याद्या पेपरात यायला लागल्या की त्यात रामटेक असतंच, आणि ते असावंच, नागपूरपासून ५० किलोमीटरवर एवढं दुसरं काय आहे. पण लोक काय करतात, गाडी थेट वरच्या पार्किंगला लावतात, रामाचं दर्शन, तटावरून तलावाचा फोटो, माकडांना चिप्स, की झाले खाली खिंडसी तलावाला बोटिंगला. तासाभरात रामटेक खतम!

माझं म्हणणं एवढंच की एकदा तरी खालून, अंबाळ्याच्या बाजूनं पायऱ्या चढून जा. दम लागतो, गुडघे बोलतात, मान्य. पण चढताना मागे वळून बघितलं की तलाव, त्याच्या काठची जुनी देवळं अन् घाट हळूहळू लहान होत जातात, ती मजा गाडीच्या काचेतून नाही येत. वर पोचल्यावर रामाच्या आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं. वराहाची मोठी दगडी मूर्ती बघा, तिच्या पोटाखालून सरपटत जो निघाला त्याचं पाप गेलं असं मानतात (जाड माणसांनी आधी अंदाज घ्यावा).

आणि नरसिंहाची दोन देवळं, केवल आणि रुद्र, ती तर बहुतेक लोक बघतच नाहीत. वाकाटक राजांच्या काळातली आहेत ती, म्हणजे दीड हजार वर्षांच्या वरची, नागपूरकर भोसल्यांनी गडावर काम केलं त्याच्या कितीतरी आधीची. आत नरसिंह हिरण्यकशिपूला फाडत वगैरे नाहीये, आरामात बसलाय, हात चक्रावर, एखादा राजा दरबारात बसावा तसा. केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांचा शिलालेखही आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात दिली होती, तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या (म्हणजे रामटेकच्याच) स्वामीचं नाव येतं. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष इथलाच हे सगळे अभिमानानं सांगतात, विद्वानांचे वाद असतील ते असो, पण आषाढात ढग गडाला टेकतात तेव्हा वाद घालावासा वाटत नाही बापा.

आता तक्रार. अंबाळ्यात लोक अस्थी विसर्जनाला येतात, श्रद्धेचा भाग आहे, त्यावर काही बोलायचं नाही. पण अस्थीसोबत पॉलिथिनची पिशवी, हार, फोटोची फ्रेम पण पाण्यातच टाकायची हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? काठावर निर्माल्यासाठी मोठे कुंड ठेवा अन् ते रोज उचला, एवढं ज्यांच्या हातात आहे त्यांनी करावं. आणि वानरांना खाऊ घालणं बंद करा हो, हातातली प्रसादाची पिशवी हिसकली की मग तुम्हीच ओरडता. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला गर्दी प्रचंड असते, त्याच्या आधी हे झालं तर बरं.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर