घाईचा पाना माझ्या हातून काढून घेणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने माझ्या २०१४ सालच्या ३५० सीसी मोटारसायकलच्या सायलेन्सरचा तळाचा पत्रा इतका खाल्ला होता, की बोट लावले तरी गंजाचे पापुद्रे सुटत. मूळ कंपनीचा नसलेला, बाहेरच्या बनावटीचा सायलेन्सर मागवून मी घरीच कामाला बसलो आणि बेंड पाइप, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप, इंजिनाच्या तोंडाशी धरणाऱ्या पहिल्याच नटाला अंगाचा जोर लावू लागलो. जिन्यावरून तुम्ही ‘थांब’ म्हणाला नसता तर स्टड, म्हणजे तो नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, मोडलाच असता, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अडकलेला मोडका स्टड काढायचा म्हणजे ड्रिल मारणे, नवे आटे पाडणे, प्रसंगी हेड उतरवणे आले. तुम्ही नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबायला लावले. सकाळी इंजिन कोमट करून पाना थोडा सैल, थोडा घट्ट असा फिरवत गेलो, तेव्हा दुसरा नट बारीक कुरकुरत सुटला. तो आवाज अजून कानात आहे.

पुढची चूक सर्वस्वी माझी. तुम्ही गावी गेलेले असताना मी जुनेच पॅकिंग, म्हणजे पाइप व इंजिनाच्या सांध्यातली गळती रोखणारी रिंग, वापरून सायलेन्सर बसवून टाकला. उतारावर थ्रॉटल सोडला की फटाक् फटाक् आवाज येऊ लागला. मोकळ्या सायलेन्सरमुळे पेट्रोल कमी पडत असेल असे ठरवून मी कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल मिळेल ते ठरवणारी बारीक भोकाची तोटी, बदलायला निघालो होतो. एस.टी.च्या आगारात उभी हयात फिटर म्हणून काढलेल्या तुम्ही मात्र काकूंच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मागवलीत. पेट्रोलचा नळ बंद करून थंड इंजिन क्षणभर सुरू केले आणि कार्बोरेटरपासून लांब, पुढच्या बाजूने, उदबत्ती पाइप व इंजिनाच्या सांध्याभोवती फिरवली. एका जागी धुराची सरळ रेघ थरथरून बाजूला फेकली गेली. थ्रॉटल मिटला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल पाइपातच पेटते, हे तुम्ही ज्या शांतपणे समजावले, तसे मला आजवर कोणी समजावले नव्हते.

पाइप उतरवल्यावर आत पॅकिंगची आणखी एक जुनी रिंग निघाली. ती इतकी काळवंडून चिकटली होती की इंजिनाच्या तोंडाचाच भाग वाटावी. ती खरवडून काढली, नवे पॅकिंग घातले, सगळे नटबोल्ट आधी हातानेच लावले आणि मग इंजिनाकडून सुरुवात करून क्लॅम्प व शेवटी मागचा ब्रॅकेट असे आवळत गेलो, जेणेकरून पाइपावर कुठेही ताण राहू नये. सुरू करण्यापूर्वी क्रोमवरचे तेलकट बोटांचे ठसे तुम्ही थिनरने पुसायला लावले, कारण एकदा तापले की ते डाग कायमचे बसतात. १०० किलोमीटरनंतर स्पार्क प्लग काढून पाहिला, तर तो छान विटकरी होता, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण बरोबर होते; जेटला हात लावावा लागला नाही.

सायलेन्सरच्या टोकातली आवाज रोखणारी नळी काढायची नाही, ही तुमची एकमेव अट होती. १७५ सीसीवरील दुचाकींना २००५पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि ती मोडल्यास कायद्याने १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे मला ठाऊक होते. परंतु तुम्ही दंडाचे नावही न काढता तळमजल्यावरच्या तान्ह्या बाळाकडे बोट दाखवलेत. ती नळी जागेवर आहे आणि जागेवरच राहील.

तुमचा टी पाना पुसून, तेलाचा हात फिरवून काकूंकडे दिला आहे. सोबत पॅकिंगचा एक जादा नग ठेवला आहे. तुमच्या डब्यात असू द्यावा.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या मजल्यावरचा शेजारी