मागचे चाक काढता येत नसलेल्या टूलकिटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: मोटरसायकलसोबत दिलेले टूलकिट अपुरे असल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची तारांच्या चाकांची मोटरसायकल मी लांबच्या प्रवासासाठी घेतली. माहितीपत्रकात ती निर्मनुष्य, कच्च्या रस्त्यांवरची गाडी म्हणूनच दाखवली आहे आणि चालवायला ती तशी आहेही. इंजिन किंवा सस्पेन्शनबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती सीटखालच्या टूलकिटची.

अलीकडे वस्तीपासून दूर असताना मागचे टायर पंक्चर झाले. ट्यूबलेस टायर असते तर चाक न काढता बाहेरून रबराची पट्टी खोचून हवा भरता आली असती. या गाडीच्या टायरमध्ये ट्यूब आहे, त्यामुळे चाक उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणूनच जादा ट्यूब, टायर लिव्हर आणि हातपंप मी कायम सोबत ठेवतो. तरीही काम पहिल्याच नटावर अडले. मागच्या अ‍ॅक्सलचा (चाकाच्या आसाचा) नट २७ मिमीचा आहे आणि आपल्या किटमधला सर्वांत मोठा पाना १७ मिमीचा!

हा नुसता पंक्चरपुरता प्रश्न नाही. चेन सैल झाली तरी आधी हाच नट ढिला करावा लागतो. चेनची ढील तपासून ती वेळोवेळी नीट करा, असे आपलेच मॅन्युअल सांगते. म्हणजे मालकाने करायचे म्हणून जे काम आपण लिहून दिले आहे, तेही आपल्या किटने होत नाही.

केवळ २७ मिमीचा एक आखूड पाना आत टाकून हे भागणार नाही, हेही आत्ताच सांगतो. हा नट १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळाच्या जोराने आवळावा असे मॅन्युअलमध्ये छापले आहे. २० सेंटिमीटरच्या पान्याने तो सोडवायचा तर टोकावर साधारण ५० किलोचा भार द्यावा लागतो, आणि गंज धरला असेल तर त्याहूनही जास्त. दांडा ४० सेंटिमीटरचा असेल तर तेच काम निम्म्या भारात होते. पान्यावर नळी चढवून दांडा लांब करण्याची सोय काही टूलकिटमध्ये असते. ती इथे का नाही? शिवाय या गाडीला डबल स्टँड नाही. मागचे चाक अधांतरी ठेवून गाडी कशी टेकवायची, याबद्दल मॅन्युअलमध्ये एक ओळही नाही. इतका जोर लावताना साइड स्टँडवरची गाडी अंगावर येऊ शकते.

आपल्या हेल्पलाइनवर गाडी उचलून नेण्याचे आश्वासन मिळाले, पण वेळ सांगितली गेली नाही. अखेर एका ट्रकचालकाने मोठा पाना आणि लोखंडी नळी दिली, तेव्हा चाक निघाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण अंधार पडत असताना, शेजारून भरधाव वाहने जात असताना रस्त्याच्या कडेला ताटकळणे किती धोक्याचे असते, याचा विचार किट ठरवणाऱ्यांनी करायला हवा होता.

घरी आल्यावर फ्यूजचा डबा उघडून पाहिला. मुख्य फ्यूज २० अँपिअरचा आहे, जादा म्हणून दिलेला मात्र १० अँपिअरचा. मुख्य फ्यूजच्या जागी तो बसवला तर भार वाढताच उडू शकतो. अशा वेळी अडलेला माणूस तिथे तार गुंडाळतो आणि पुढच्या शॉर्टसर्किटमध्ये वायरिंग जळते. एका छोट्या फ्यूजपायी एवढी जोखीम कशासाठी?

माझ्या मागण्या अशा आहेत: लांब दांड्याचा योग्य पाना आणि २० अँपिअरचा जादा फ्यूज मला तसेच या मॉडेलच्या प्रत्येक मालकाला विनामूल्य मिळावा, चाक काढण्याची सचित्र कृती, गाडी टेकवण्याच्या सुरक्षित पद्धतीसह, मॅन्युअलमध्ये यावी, आणि पुढच्या गाड्यांचे किट ठरवताना आपल्या एखाद्या तंत्रज्ञाने फक्त त्याच किटने मागचे चाक काढून पुन्हा बसवून दाखवावे.

३० दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळावे. सोबत बिलाची प्रत, किटमधल्या सर्व पान्यांचा फोटो आणि अ‍ॅक्सल नटाचे माप दिसेल असा फोटो जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक