सूचना : फ्रेडरिक डग्लस यांच्या घराची भेट

स्वतः गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय अमेरिकी नेते डग्लस यांच्या वॉशिंग्टनमधल्या अॅनाकोस्टियातील ‘सीडर हिल’ या घरी शनिवारी जाणार आहोत. घर आतून फक्त रेंजरसोबतच (तिथल्या सरकारी मार्गदर्शकासोबत) पाहता येते. प्रवेश मोफत आहे, पण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर वेळेची जागा आधी राखावी. तिकिटामागे 1 डॉलर सेवाशुल्क पडते. ऐनवेळी जागा मिळेलच असे नाही.

अर्धा तास आधी पोहोचा. घर टेकडीवर आहे, खालून 85 पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी आधी कळवावे. मेट्रोने आल्यास ग्रीन लाइनचे अॅनाकोस्टिया स्थानक.

डग्लस 1878 पासून 1895 मध्ये मृत्यू होईपर्यंत इथेच राहिले. मागची ‘ग्राउलरी’ ही छोटी दगडी खोलीही बघा, तिथे ते एकांतात लिहीत.

येण्यापूर्वी जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’ची (1873) अर्पणपत्रिका जरूर वाचा : ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच आहे.