बाबा, आधी किक मारणं थांबवा

पुणे,
आषाढ

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, आणि कागद असला की डिकीत ठेवता येईल, म्हणून हे पत्र. आधी एक मागणं आहे. बाबा, स्कूटर सुरू होत नाही म्हणून उद्यापासून किक मारत बसू नका. गुडघ्याला पट्टा बांधून, घामाघूम होईपर्यंत तुम्ही किक मारता हे आईने सांगितल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. किक कधी उलटी बसली तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सगळा हिसका बसतो. पावसात पडवीची फरशी ओली असते, तिथे एका पायावर तोल सांभाळायचं तुमचं वय नाही. आई, हे काम तुझं. ते ऐकले नाहीत तर किल्ली काढून घे.

दुसरं, गाडी विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा. गॅरेजवाला म्हणाला, इंजिन उतरवावं लागेल, बोरिंग करावं लागेल, म्हणजे आतला सिलिंडर घासून घ्यावा लागेल. मला ते पटत नाही. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलेलं असतं, त्याची किक पायाला पोकळ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं आणि गाडी चढाला दम टाकते. तुमची गाडी तुम्हा दोघांना घेऊन सड्यावरचा चढ विनातक्रार चढते. एकदा सुरू झाली की दिवसभर हात लावताच सुरू होते, असं तुम्हीच म्हणालात. मग इंजिन कशाला उतरवायचं?

खुणा जुळवून बघितल्या तर दोष दुसरीकडेच दिसतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की त्रास देते, सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन उचलत नाही, आणि बऱ्याच खटाटोपानंतर सुरू झाली की पुढे सुतासारखी चालते. म्हणजे बॅटरीत दम आहे आणि प्लगला ठिणगीही येत असणार. अडतं ते पेट्रोल पोहोचण्यापाशी. तुमची गाडी २०२० च्या आधीची, कार्बोरेटरवाली. (१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम, बीएस-६, आले आणि त्यानंतरच्या स्कूटरना फ्युएल इंजेक्शन आलं.) कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या तळाशी एक छोटी वाटी असते, तिच्यात साठलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं. गाडी उभी राहिली की ते पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तुमच्या गाडीचा पेट्रोल कॉकही आपोआप चालणारा, इंजिन फिरून हवा ओढली गेल्याशिवाय तो टाकीतलं पेट्रोल खाली सोडत नाही. त्यामुळे पहिल्या बऱ्याचशा किका नुसती वाटी भरण्यात जातात. वाटीतलं पेट्रोल सुरुवातीला ज्या बारीक नळीतून वर येतं त्या स्लो जेटचं भोक केसाएवढं बारीक असतं. त्यात तो थर बसला की थंड इंजिनाला हवं तेवढं पेट्रोल मिळतच नाही.

त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गोव्यातल्या आपल्या मांद्र्यासारख्या समुद्राकाठच्या गावात, जूनपासून सप्टेंबरपर्यंत जिथे कपडे वाळत नाहीत, तिथे अर्धी रिकामी टाकी ठेवणं चांगलं नाही. गाडी उभी राहणार असेल तेव्हा टाकी भरलेली असू द्या.

आता सकाळी काय करायचं ते सांगते. गाडी डबल स्टँडवर घ्या. चोकची दांडी पूर्ण ओढा, त्याने थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. ॲक्सिलरेटरला हात लावू नका, थंड इंजिनावर तो पिळला की चोकचा उपयोग राहत नाही. ब्रेक दाबून सेल्फ पाच सेकंद मारा आणि सोडा. पंधरा सेकंद थांबा, मग पुन्हा. सेल्फ एकदम लांबवर दाबून धरला की त्याची मोटर तापते आणि बॅटरी बसते, मग चांगली असलेली गोष्टही बिघडते. सुरू झाली की मिनिटाभराने चोक आत ढकला. तो ओढलेलाच राहिला तर प्लग काळा होतो. चोकची वायर गंजून अडकलेली असू शकते, दांडी ओढल्यावर ती हलक्या हाताने मागे जाते का तेवढं बघा. चार-पाचदा करूनही काही झालं नाही आणि पेट्रोलचा वास यायला लागला, तर गाडी ओव्हरफ्लो झाली समजायचं. मग चोक बंद, दहा मिनिटं गाडी तशीच राहू द्यायची आणि नंतर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सेल्फ मारायचा, म्हणजे आत जास्तीचं जमलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

आणि बाबा, गाडी तिरकी करणं बंद करा. तुमच्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीला आडवं करून उभं केलं की ती सुरू व्हायची, ते मला आठवतं. ही फोर-स्ट्रोक आहे. हिला तिरकी केली की वाटीतलं पेट्रोल सांडतं आणि इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरपर्यंत जाऊ शकतं. फिल्टर ऑइलने भिजला की त्रास दुप्पट.

आई, तुझे कान बाबांपेक्षा चांगले आहेत, म्हणून तू दारात उभी राहून ऐक आणि मला सांग. सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक टक' होऊन हेडलाइट मंद होत असेल तर बॅटरी. काहीच आवाज नसेल तर फ्यूज नाहीतर ब्रेकचा स्विच. 'घर्रर्र' करून इंजिन नीट फिरत असेल आणि तरी उचलत नसेल तर पेट्रोल नाहीतर प्लग. एवढं कळलं तरी गॅरेजमध्ये कुणी तुम्हाला भलतंसलतं सांगणार नाही.

शिवोलीच्या पुलावर गाडी बंद पडली होती तो प्रकार मात्र वेगळा आहे. तेव्हा चोपड्याच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं असं तुम्ही म्हणाला होता. पाणी उडून प्लगच्या टोपीत गेलं की ठिणगी बाहेरच्या बाहेर इंजिनाच्या धातूत उतरते. इंजिन निवल्यावर टोपी ओढून काढा, आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि 'टच' आवाज येईपर्यंत परत दाबा. टोपीचं रबर आता कडक झालं असेल, मी नवीन आणते. प्लगही काढून बघायला हरकत नाही, पण पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी तपासायची नाही, आणि तुम्ही एकट्याने तर अजिबात नाही. धाकट्या काकांच्या मुलाला बोलवा. प्लगचं टोक विटकरी-तपकिरी असलं तर उत्तम. काळी काजळी असेल तर पॉलिश पेपरने हलकेच साफ करायचं. ओलं असेल तर पेट्रोल जास्त जातं आहे. टोकातली फट ०.८ ते ०.९ मिलिमीटर हवी.

बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल. खारी हवा, दुसरं काय होणार. ती काढताना आधी काळी वायर सोडवायची, जोडताना काळी शेवटी. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडं करून वर व्हॅसलिन लावायचं. काकांच्या मुलाकडे मीटर आहे. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर तिला चार्जिंग हवं. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, जागी तार गुंडाळू नका.

गाडीवर प्लॅस्टिकचं कापड घट्ट बांधता तेही सोडा. आत वाफ धरते आणि सगळं गंजतं. पडवीत उघडी राहिली तरी चालेल. तिथेच उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवू नका मात्र, धूर सरळ माजघरात जातो, आणि नुसत्या चालू इंजिनाने बॅटरीही फारशी भरत नाही. त्यापेक्षा पाऊस थांबला की एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं फेरी मारून या. दोघं जा. देवळापर्यंत जाऊन आलात तरी पुरे. खरा उपाय तोच आहे, बाकी सगळी डागडुजी.

गॅरेजमध्ये गेलात की एवढंच सांगा: कार्बोरेटर उघडून वाटी आणि स्लो जेट साफ करा, जेटमध्ये तार घालू नका, हवेने फुंका, एअर फिल्टर बघा, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट तपासा. इंजिन उतरवायचं नाही. तो ऐकत नसेल तर गाडी परत आणा आणि मला फोन करा, मी बोलते त्याच्याशी.

चवथीला मी येणारच आहे. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचा, फळाफुलांचा बाजार आणायला म्हापशाला गाडीवरूनच जाऊ, मी चालवीन. तोवर पावसापाण्यात अडलं तर पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, बोलवा, पैशांकडे बघू नका. शुक्रवारच्या बाजारासाठी भिजत बसस्टॉपवर उभं राहायचं काही कारण नाही.

पत्र मिळालं की प्लगच्या पांढऱ्या भागावर छापलेला नंबर चष्मा लावून वाचा आणि आईकडून मला पाठवा. इथून तोच घेऊन येते.

तुमची,
लेक