मिश्रणाला मेहनतीची जोड हवी

संपादक महोदय,

कर्नाटक म्हणजे दक्षिण भारतीय शास्त्रीय संगीतात बाहेरचे काही मिसळले की परंपरा बिघडते, हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. या संगीताचे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी मद्रासमधील इंग्रजी बँडच्या सुरावटींवर संस्कृत रचना बांधल्या आणि त्यांचे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन आत्मसात केले. मात्र ते वाद्य जसेच्या तसे घेतले गेले नाही; जमिनीवर बसलेल्या वादकाने ते छाती आणि घोट्यामध्ये टेकवले, तारा षड्ज-पंचमात (सा आणि प या स्वरांत) लावल्या आणि गळ्यातील गमक, म्हणजे स्वराला दिलेले हेलकावे, तारेवर उतरेल असे बोटांचे तंत्र घडवले. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी दक्षिणेचा हंसध्वनी राग उत्तरेच्या ख्यालगायकीत रुजवला, तोही असाच अभ्यासाने.

ही मेहनत मला आजच्या अनेक मिश्र मैफलींत आढळत नाही, याचे मनापासून वाईट वाटते. कर्नाटक संगीतातील तोडी रागाचा गांधार (ग हा स्वर) आंदोलित, म्हणजे हलता, असतो, किंबहुना त्या आंदोलनातच तो राग वसतो. त्याच्यामागे कीबोर्डवर स्थिर स्वरसमूह धरून ठेवला, की राग पुसला जातो. आयोजकांनी कलावंतांना एकत्र तालमीसाठी पुरेसे दिवस द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक श्रोता, पुणे